मागं कोण?

चूक हणमंतराव भोईट्यांची होती. गाडीची नव्हती, घाटाची नव्हती, आणि शालनताईंची तर नव्हतीच. हे आधीच सांगून टाकतो. कारण आमच्याकडे साठी उलटलेल्या माणसाची चूक सांगायची वेळ आली की सगळे एकदम पाऊसपाण्याबद्दल बोलायला लागतात.

"पण ओढेल ना, बाबा?" हणमंतराव विचारत होते.

दादूबाबा चुलीवरचा चहा ढवळत राहिला.

"मी काय म्हणतो, इंजिन दणकट आहे. सात जणांची गाडी, एकहाती वापरलेली. डॉक्टरांची होती."

"जुन्या बाजारातल्या समद्या गाड्या डाक्टरच्याच असत्यात," बाबा म्हणाला. "मास्तरची गाडी कुणी इकतच न्हाई."

हणमंतराव हसले नाहीत. ते शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. जन्मभर शाळा तपासल्या, शेरे मारले. त्यांना कुणी तपासलं नाही. आपल्याकडे माणूस म्हातारा झाला की त्याला अक्कल आली असं धरतात. धरतात, बघत नाहीत.

जागा पिराच्या घाटमाथ्यावरची. इथं रस्ता चढून संपतो आणि पलीकडं कोकणात कोसळतो. कडेला फकिराचा तकिया, एक चिंच, पत्र्याखाली चूल, आणि हा फकीर, दादूबाबा. उतरायच्या आधी प्रत्येक गाडी इथं थांबते. ड्रायव्हर चाकाला दगड लावतो, खाली उतरतो, आणि बाबा गाडीभोवती उदाचा धूर फिरवतो. देवाला मानणारे थांबतात, न मानणारेही थांबतात. घाट सगळ्यांना सारखाच आहे.

पण धूर फुकट मिळत नाही. बाबा आधी एक प्रश्न विचारतो.

त्याच वेळी एक टेम्पो येऊन थांबला होता. पोरगेलासा ड्रायव्हर उडी मारून उतरला.

"मागं कोण?" बाबानं बसल्या जागेवरून विचारलं.

ड्रायव्हर मागं गेला, फळकुटावर हात ठेवला, आत डोकावला, परत आला.

"बकऱ्या, बाबा. एक पाय टेकवंना. दुसरीच्या अंगावर रेललीया."

"तिला हौद्याच्या कोपऱ्यात घे. आन् सावकाश जा."

त्यानं बकरी कोपऱ्यात घेतली. मग धूर मिळाला. टेम्पो गेला.

रीत एवढीच. मागं जायचं, हात लावायचा, बघायचं, येऊन सांगायचं. बसल्या जागेवरून सांगितलेलं बाबा धरत नाही.

बाबा काही देवमाणूस नव्हता. दुपारी झोपेतून उठवलं तर शिव्या द्यायचा. चहात साखर एवढी घालायचा की चमचा उभा राहावा. पण प्रश्न चुकवायचा नाही.

आता तो हणमंतरावांकडं वळला.

"साहेब, मागं कोण?"

हणमंतरावांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

"मागं कुणी नाही. कॅरव्हान आहे."

"ते काय असतं?"

मग मात्र साहेबांना कंठ फुटला. कॅरव्हान म्हणजे चाकांवरची खोली, गाडीच्या मागं जोडून न्यायची. त्यांनी ती स्वतः उभी राहून बांधून घेतली होती. उसाच्या ट्रॉलीचा सांगाडा, वर प्लायवूडची खोली. आत पलंग. आत देव्हारा. आत काळ्या दगडाचा ओटा, शेगडी, भांड्यांची मांडणी. एवढंच नाही, आत झोपाळासुद्धा होता. चालत्या खोलीत झोपाळा! अडाणी सुताराला सुचला नसता, तो साहेबांना सुचला.

"ग्रॅच्युइटी सगळी यातच गेली," ते म्हणाले. "दोन वर्षं लागली. पण खोली आधी झाली आणि ओढायला गाडी नाही. बाजारातल्या एजंटकडं दोन आहेत. एक ही लाल. दुसरी राखाडी, लहान, चार माणसांची. राखाडी पेट्रोल कमी पिते, पण ही खोली बघून ती जागेवरच बसेल. म्हणून आज लाल गाडी पूर्ण भारानिशी घाटात आणली. चढताना क्लचचा जरा वास आला. आता उतारावर ही खोली मागून गाडीला रेटेल, ते पेलेल का, एवढंच सांगा. तुम्ही इथं आयुष्यभर गाड्या उतरताना बघताय."

"हे कुणासाठी बांधलंस?"

"हिच्यासाठी. आमच्या मिसेस. बदल्यांमध्ये तिचं आयुष्य सामान बांधण्यात गेलं. एकदा म्हणाली होती, आपण कुठंतरी जाऊ. मी ते विसरलो नाही."

हे खरं होतं. माणूस वाईट नव्हता. म्हणूनच जास्त राग येतो.

"आन् कुठंय ती?"

"कोण?"

"मिसेस."

हणमंतरावांनी तोंड उघडलं...

आणि त्या वेळी मागून आवाज आला. ठक, ठक. थांबून, पुन्हा ठक, ठक. दार तोडणाऱ्या माणसाचा आवाज नव्हता तो. कितीतरी वेळ ठोकून झालेल्या माणसाचा होता.

बाबा उठला. गुडघे धरून चालत मागं गेला. खोलीच्या दाराला कडी होती, बाहेरून. वळणावर दार उघडू नये म्हणून साहेबांनी स्वतःच लावलेली.

बाबानं कडी काढली.

शालनताई हळूहळू उतरल्या. कपाळावर टेंगूळ आलेलं. साडीवर हळद, तिखट, जिरं, सगळा मसाल्याचा डबा. हातात एक स्टीलची वाटी होती, ती का धरलीय हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "भांडी पडतात."

त्यांना त्याचसाठी तर आत बसवलं होतं. चालत्या गाडीत त्या खोलीत माणूस बसवू नका, असं एजंटनं बजावलं होतं. पण लाल गाडीच्या सगळ्या सीटांवर सामान होतं: पाण्याचे कॅन, तंबू, हवेचा पंप, घडीच्या खुर्च्या. पूर्ण भाराची चाचणी म्हणजे पूर्ण भार. आणि भांडी पडतात का ते बघायला कुणीतरी हवंच होतं.

परीक्षेत नापास झालेल्या पोराला हे लोक वाया गेला म्हणतात. आणि अर्धा घाट बायकोला कोंडून आणतो, वर विचारल्यावर "मागं कुणी नाही" म्हणतो, त्याला कर्ता पुरुष.

हणमंतराव पांढरे पडले होते.

"अगं, आवाज का नाही दिलास?"

"दिला की."

"कधी?"

"ओटा सुटला तेव्हा. त्याच्या आधी पण. मग झोपाळ्याची कडी लागली कपाळाला, तेव्हा पण."

"मला काही ऐकू आलं नाही!"

"नाही आलं," शालनताई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. पाणी आलं नाही, दूधवाला आला नाही, तसं.

बाबानं त्यांना चिंचेखाली बसवलं. माठातलं पाणी दिलं, फडकं ओलं करून दिलं. स्वतःसाठी चहा ओतला. साहेबांना दिला नाही.

हणमंतराव उभेच होते. पहिल्यांदा त्यांच्याकडं शेरा नव्हता.

"साहेब," बाबा म्हणाला, "जरा आत जाऊन बस."

"कुठं?"

"तुझ्या खोलीत."

"कशाला?"

"भांडी उचल."

ते गेले. का गेले, कुणास ठाऊक. कदाचित कुठंतरी जायला सांगितलं याचंच त्यांना बरं वाटलं असेल. बाबानं मागून दार लावलं. कडी घातली.

"बाबा!" शालनताई उठल्याच.

"ये माय, पुढं बसू."

बाबानं पुढच्या सीटवरचा पंप आणि खुर्च्या बाहेर टाकल्या. दोघं लाल गाडीत बसली. तो स्टिअरिंगपाशी, त्या शेजारी. जन्मात कधी गाडी न चालवलेला फकीर आणि मसाल्यानं माखलेली बाई.

"गियर काढलेला हाय, चाकाला दगड हाईत. नुसती किल्ली फिरव. चढताना जसं होतं तसंच ठिऊ."

इंजिन लागलं. एसी लागला. टेपवर जुनं भावगीत आपोआप सुरू झालं, साहेबांचं आवडतं. काचा बंद.

दोघं समोर बघत बसली. समोर कोकण होतं, खोल, निळं.

बाबानं चहाचा घोट घेतला.

"काय म्हणली व्हतीस त्याला, माय? कुठंतरी जाऊ?"

शालनताईंनी साडीवरची हळद झटकली.

"म्हटलं होतं, काहीच न घेता कुठंतरी जाऊ. पिशवीसुद्धा नको. जेवण मिळेल तिथं जेवू, नाही मिळालं तर शेंगा खाऊ." त्या हसल्या. टेंगूळ दुखलं. "जाऊ एवढं ऐकलं त्यांनी. तेवढं तरी ऐकलं."

गाणं चालू होतं.

"आतून हाका मारत असतील," त्या म्हणाल्या.

"तुला ऐकू येतंय?"

त्यांनी कान दिला. इंजिन. एसी. गाणं.

"नाही."

"मग बस निवांत."

त्या बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. पुन्हा गुंडाळलं. मागं आरशात बघितलं. आरशात खोलीची पांढरी भिंत दिसत होती, बाकी काही नाही.

मग त्यांनी दार उघडलं आणि उतरल्या. बाबानं अडवलं नाही.

कडी काढली तेव्हा हणमंतराव दाराला टेकूनच होते, जवळजवळ बाहेर पडले. सदरा घामानं भिजलेला, आवाज बसलेला, तळहात लाल.

"किती हाका मारल्या! किती ठोकलं! तुम्हा लोकांना..."

"ऐकू नाही आलं," शालनताई म्हणाल्या.

"ऐकू नाही आलं? मग दार कसं उघडलंस?"

"तुम्ही आत होता ना."

...

हणमंतराव खाली बसले. रस्त्याच्या कडेला, धुळीत, निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी. शालनताईंनी हातातली वाटी माठात बुडवली आणि त्यांना पाणी दिलं. तेव्हा कळलं ती वाटी कशाला होती.

पाणी पिऊन ते म्हणाले, "काय म्हणाली होतीस तू तेव्हा? कुठंतरी जाऊ, आणि?"

त्यांनी सांगितलं. बाबाला सांगितलं तेच, शेंगांसकट.

हणमंतरावांनी खोलीकडं बघितलं. दोन वर्षं. ओटा तडकला होता. देव्हारा आडवा झाला होता. झोपाळा अजून हलत होता.

ते उठले आणि कुणाला काही न विचारता जोडाची खीळ काढायला लागले. निघेना. चढावर ताण बसून ती आवळली होती. दगडानं ठोकली, बोट चेचलं, शिवी दिली. बायकोसमोर दिलेली पहिली असावी, कारण शालनताईंनी चमकून पाहिलं आणि मग तोंडाला पदर लावला. खीळ निघाली. बाबानं आणि त्यांनी मिळून खोली ढकलत चिंचेखाली नेली, चाकांना मोठे धोंडे लावले. मग गाडीतलं सामान एकेक करून त्या खोलीत: कॅन, तंबू, पंप, खुर्च्या. दार उघडंच ठेवलं. कडी उपटून दरीत फेकली.

नंतर खालच्या वाडीत लोक म्हणाले, फकिरानं म्हाताऱ्याला गंडवून फुकटात खोली पटकावली. आमची माणसं अशीच. कुणी काही सोडलं की घेतलं कुणी, एवढंच बघतात. बाबा त्या खोलीत एकदाही झोपला नाही. घाटात गाडी बंद पडली की बायापोरं तिथं बसतात, पोरं झोपाळ्यावर भांडतात.

ते असो.

शालनताई पुढच्या सीटवर बसल्या. काच खाली केली. हणमंतराव स्टिअरिंगवर बसले, किल्लीला हात लावला...

"साहेब," बाबा उदाचं भांडं घेऊन उभा होता. "मागं कोण?"

हणमंतरावांचं तोंड उत्तरासाठी उघडलं. मग मिटलं. ते उतरले. मागं चालत गेले. जिथं खोली जोडलेली होती त्या उघड्या हुकावर हात ठेवला. तो अजून गरम होता. हात तसाच ठेवून थोडा वेळ उभे राहिले. परत आले.

"कुणी नाही, बाबा."

बाबानं धूर फिरवला. पुढून, बाजूनं, मागून. शालनताईंच्या खिडकीपाशी जरा जास्त.

गाडी सुरू झाली. टेप त्यांनी बंद केला. दोन चाकं उताराला लागली आणि पुन्हा थांबली. हणमंतरावांनी डोकं बाहेर काढलं. माणूस इतका सहज बदलत नसतो.

"बाबा, ते राहिलंच. मग ही लाल घेऊ, का ती राखाडी?"

बाबा भांड्यातला निखारा फुंकत होता.

"कुठली बी घे, साहेब. वढायचं घर तर गेलं तुझं."