लक्ष्मणाच्या डोळ्यांत उतरणारा रंग

"राम होऊन रडताना माझ्या दादाचा चेहरा कसा व्हायचा?" एका शिष्याने हा प्रश्न गावोगाव विचारला. उत्तर कोणालाच देता आले नाही.

एकदा एका दशावतारी मंडळीत दोन सख्खे भाऊ होते. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कथा तेवढी ठरलेली. बोलणे ज्याचे त्याने आपल्या मनातून आणायचे. युद्धात लक्ष्मण कोसळतो आणि राम विलाप करतो, हा प्रसंग लोक मागून घेत. राम थोरला व्हायचा, लक्ष्मण धाकटा.

थोरला तापाने अचानक गेला. "राम आता मीच होणार," धाकट्याने हट्ट धरला. पण त्या प्रसंगी तो नेहमी डोळे मिटून पडलेला असे. दादाचा राम त्याने कधी पाहिलाच नव्हता. प्रेक्षकांना विचारावे, तर ते म्हणत, "आमचेच डोळे भरलेले असायचे. दिसणार काय?"

जत्रेच्या दुपारी देवळामागे या शिष्याने आपल्या गुरूंना, मंडळीतल्या वृद्ध बुवांना, विलाप करून दाखवला. छाती पिटली, गळा काढला.

"रडतोयस की म्हैस हाकतोयस?" हनुमान होणारा गडी म्हणाला. सगळे हसले.

शिष्याने मुकुट भिरकावला. "मग द्या राम दुसऱ्याला! सुटलात!"

 बुवांनी तोंडाला रंग फासला, चटईवर आडवे झाले आणि ओंजळभर पाणी स्वतःच्याच कपाळावर ओतले. "मी लक्ष्मण. रड."

हे कसले शिकवणे, ते शिष्याला उमगेना. तरी तो गुडघ्यांवर बसला. "हे बंधो..." एवढ्यात रंगाचा ओघळ बुवांच्या डोळ्याकडे निघाला. शिष्याचा अंगठा आपोआप पुढे झाला आणि ओघळ पुसून मागे आला.  "ऊठ ना रे," तो हलक्या आवाजात एवढेच म्हणाला.

हनुमानाचे हसू थांबले. बुवांनी डोळे उघडले. "हे कोणाचं?"

"दादाचं. घामाने रंग माझ्या डोळ्यांत उतरायचा. बोलता बोलता तो हळूच पुसायचा. लोकांना दिसायचंही नाही."

"म्हणजे त्याचा राम तुला एकट्यालाच ठाऊक आहे. अरे, आपला चेहरा कसा दिसतोय, हे रामाला कुठे माहीत असतं? भावाला त्रास होऊ नये, एवढंच त्याच्या मनात. तेवढं धरून बस. रडणं आपल्या पायांनी येईल." बुवांनी मुकुट झटकून त्याच्या मांडीवर ठेवला.

"पण बुवा, मला रडू आलंच नाही. दादाला शेवटची अंघोळ घालताना सगळे रडत होते. मीच तेवढा..."

"तू काय करत होतास?"

शिष्य आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिला. त्या अंघोळीच्या वेळी कपाळावरचे पाणी दादाच्या मिटल्या डोळ्यांकडे ओघळत होते. "त्याला आता काय झोंबणार आहे?" असे कोणीतरी म्हणालेही होते.

तरी तो पुसत होता.