गाणारी विणकरशाळा

फार पूर्वी चंपा नगरीत एक हौशी राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्याच नगरात एका विणकरशाळेचा धनी होऊन जन्मला होता. त्याच्या शाळेतली वस्त्रे तलम होतीच, पण शाळेचे नाव झाले ते गाण्यामुळे. माग सुरू झाले की सगळे विणकर एका सुरात गाऊ लागत, आणि रस्त्याने जाणारे म्हणत, "धनी असावा तर असा! माणसं किती सुखात आहेत बघा."

हे ऐकून बोधिसत्त्व मनातल्या मनात फुलून जाई. बोधिसत्त्व झाला तरी कौतुक कोणाला नको असते?

खरे तर गाण्याची सुरुवात विणकरांनी आपणहून केली होती. एका सणाला ते सहज गायले आणि धन्याने भरभरून वाखाणले. कारभारी कुंडल याने ते लक्षात ठेवले आणि दुसऱ्या दिवसापासून गाण्याचा नियम केला. जो गाणार नाही, त्याचा माग रंगाच्या कुंडांपाशी, उग्र वासात आणि अंधारात हलवला जाई. धन्याने याची कधी चौकशी केली नाही. त्याला गाणे ऐकू येत होते, तेवढे त्याला पुरेसे वाटे.

ही कीर्ती राजाच्या कानी गेली. अशा माणसाला नगरश्रेष्ठी, म्हणजे नगरातल्या व्यापाऱ्यांचा प्रमुख, करावे असे ठरवून तो स्वतः शाळा पाहायला आला. विणकर गाऊ लागले. सर्वांत पुढे सोमिल होता. त्याचाच आवाज धरून बाकीचे गात. राजा मान डोलवू लागला.

बोधिसत्त्व सोमिलाच्या मागाजवळ उभा होता. त्याचे लक्ष सोमिलाच्या हातांकडे गेले. सोमिल चाकूने स्वतःच मागावर ताणलेला ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, कापत होता, एकेक करून, सावकाश. आणि गात होता. सूर जराही ढळला नव्हता.

कुंडल कानाशी पुटपुटला, "धनी, महाराजांना जाऊ द्या. मग बघतो मी याच्याकडे."

बोधिसत्त्वाने हात वर केला. गाणे थांबले. त्याने चाकू हळूच काढून घेतला आणि विचारले, "सोमिला, काय झालं रे?"

"काही नाही, धनी. मी आनंदात आहे," सोमिल म्हणाला.

शेजारच्या मागावरच्या म्हाताऱ्या वसुलेला ते ऐकवेना. "त्याची मुलगी गेली, धनी. तापानं गेली, परवा. आज राजा येणार म्हणून कारभाऱ्यांनी त्याला घरातून उठवून आणलं."

बोधिसत्त्वाने कुंडलाकडे पाहिले. कुंडल घाबरून म्हणाला, "आपल्यालाच गाणं आवडतं ना, धनी? मी आपली आवड सांभाळली."

यात खोटे काही नव्हते. बोधिसत्त्वाला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. इतकी वर्षे तो या माणसांच्या भीतीवर खूश होत आला होता. तो खाली मानेनेच राजाला म्हणाला, "महाराज, जे ऐकून आपण आलात ते माझ्याकडे नाही. माझी माणसं मला भिऊन गातात आणि मला ते कळलंही नाही. मला ते पद देऊ नका."

राजाचा हिरमोड झाला. तो उठून गेला, आणि पद एका तेलाच्या व्यापाऱ्याला मिळाले.

बोधिसत्त्व सोमिलापाशी जमिनीवर बसला. "मला तुझ्या लेकीचं नावही माहीत नाही," तो म्हणाला. तेव्हा कुठे सोमिलाला रडू फुटले. बोधिसत्त्व त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेला. मन ठिकाणावर येईपर्यंत सोमिलाने घरीच राहावे, वेतन घरपोच येईल, असे त्याने सर्वांसमोर सांगितले. गाण्याचा नियम त्याने मोडीत काढला. कुंडलाला त्याने काढले नाही. रोज आपल्याबरोबर प्रत्येक मागापाशी बसवून माणसांची विचारपूस करायला लावले. पण कितीतरी दिवस कोणी खरे सांगेना. विचारले की सगळे हसून म्हणत, "आम्ही आनंदात आहोत, धनी." दर वेळी बोधिसत्त्वाला ते मुकाट्याने ऐकून घ्यावे लागे.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात जमलेल्या भिक्षूंना सांगितली. मग ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा सोमिल म्हणजे तो आजचा भिक्षू, ज्याला चेहरा उदास आहे म्हणून काल तुम्ही भिक्षेच्या रांगेतून मागे पाठवलंत. कुंडल म्हणजे विहाराची व्यवस्था पाहणारा उपशम. आणि त्या शाळेचा धनी मीच होतो. त्या जन्मी मी जो गुण शिकलो, त्याचं नाव लज्जा. ज्याच्या हाताखाली माणसं आहेत, त्याला ती आधी वाटली पाहिजे. मला फार उशिरा वाटली."

उपशम उठला आणि कोणाकडे न पाहता त्या भिक्षूच्या कुटीकडे गेला.