नांगर कुणी उचलला

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की त्या राज्यावर कोण राजा होता हे आता कुणाला आठवत नाही, आणि न आठवल्यामुळे कुणाचं काही अडतही नाही. त्या राज्यात समुद्राला मिळणारी एक रुंद खाडी होती, खाडीच्या काठी एक गाव होतं आणि गावात एक तारी होता.

तारी म्हणजे माणसांना होडीतून या काठावरून त्या काठावर नेणारा. त्याची होडी लहान होती. पुढे माणसं, मध्ये टोपल्या आणि कोंबड्या, मागे वल्हं घेऊन तारी. गावातल्या सगळ्या नव्या नवऱ्या त्याच्या होडीतून आल्या होत्या, आणि वैद्याला आणायला अपरात्री गेलं तरी तो कधी कुरकुरला नव्हता. त्यामुळे गावाचा त्याच्यावर फार जीव होता. पुढे जे घडलं ते या जीवामुळेच घडलं, म्हणून आधी सांगून ठेवतो.

तारी म्हातारा झाला. एके दिवशी त्याने आपलं वल्हं पुतण्याच्या हाती दिलं आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "आजपासून मी मोकळा. आता तुला तुझ्या बेटावर नेतो."

तारणीने हातातलं सूप खाली ठेवलं. हे ऐकण्याची तिने सगळा जन्म वाट पाहिली होती. समुद्रात दूर एक बेट होतं, ते तिचं माहेर. आई लहानपणीच गेली, थोरल्या बहिणीने तिला वाढवलं, आणि लग्न झालं तेव्हा एका व्यापाऱ्याच्या गलबतातून ती या गावी आली. त्यानंतर पुन्हा जाणं झालं नाही. रोज माणसं पार करणाऱ्याला स्वतःच्या बायकोला पार करायला सवड मिळाली नाही, आणि त्या लहान होडीने समुद्रात जाताही येत नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर बहीण निरोप पाठवायची, "मी अजून आहे. येऊन जा."

"लवकर न्या," तारीण म्हणाली. "माझ्या डोळ्यांवर साय धरायला लागली आहे. पलीकडच्या काठावरचे माड अजून दिसतात, पण आता एकमेकांत मिसळून दिसतात. आक्काचं तोंड एकदा नीट बघू दे, मग डोळे गेले तरी माझी तक्रार नाही."

म्हणून समुद्रात टिकेल अशी मोठी नाव घ्यायचं ठरलं. नवी घेण्याची ऐपत नव्हती, वापरलेलीच बघायची होती. गावात एक वृद्ध तांडेल होता. तांडेल म्हणजे समुद्रावर नाव हाकणाऱ्यांचा म्होरक्या. आता त्याचं समुद्रावर जाणं थांबलं होतं आणि त्याच्या दोन नावा विकायच्या होत्या. एक होता पडाव, तारीच्या होडीहून दुप्पट, एका शिडाचा, बसका. दुसरा होता मचवा. पुढे उंच टोकदार नाळ, रुंद पाठ, वर सागवानी छप्पर, आत दोघांनी ऐसपैस आडवं व्हावं अशी जागा, चुलीसाठी वेगळा कोपरा.

तारीने दोन्ही नावा पारखल्या. लाकडाची जाण त्याला होतीच. त्याने फळी न् फळी बोटांनी वाजवून पाहिली, सांध्यातला कापूस नखाने उकरून पाहिला, तळाशी साठलेल्या पाण्याचा वास घेतला, ओहोटीला नाव चिखलावर बसली तेव्हा पोटाखाली सरपटत जाऊन वाळवी शोधली. दोन्ही नावा निकोप होत्या. तपासायचे राहिले ते फक्त स्वतःचे खांदे.

"पडाव पुरे आपल्याला," तारीण म्हणाली. "दोघंच तर माणसं."

"जन्मभर पाण्यात पाय घालून बसलो," तारी म्हणाला. "आता तरी कोरड्या फळीवर बसतो. आणि समुद्र आहे तो. मोठी नाव म्हणजे जिवाला धोका कमी. तुला सुखाने न्यायचं आहे मला."

हे खरंच होतं. पण मनात आणखी एक गोष्ट होती, ती तो बोलला नाही. सगळ्या गावाने त्याला लहान होडीत वाकून वल्हं मारतानाच पाहिलं होतं. एकदा त्यांनी आपल्याला मोठ्या नावेवर ताठ उभं पाहावं असं त्याला वाटत होतं. वाटू नये असं नाही. कुणालाही वाटलं असतं.

त्या खाडीवर जुनी नाव विकत घ्यायची एक रीत होती. तिला नांगर घेणं म्हणत. सौदा ठरला की नाव पाण्यात नांगरून ठेवायची, आणि त्या नावेवर जी माणसं पुढे वावरणार, तेवढ्यांनीच मिळून तिचा नांगर वर ओढायचा. दुसऱ्या कुणी दोराला हात लावायचा नाही. नांगर आला तर नाव त्यांची. नाही आला तर सौदा मोडला, आणि त्यात कुणी कुणावर रागवायचं नाही. बाहेरगावचे लोक या रीतीला हसत. खाडीवरचे लोक मात्र ती पाळत, कारण मोठ्या नावेचा नांगरही मोठा असतो.

तारीने मचव्याचा नांगर घ्यायचा दिवस ठरवला तसा सगळा गाव काठावर लोटला. ढोल आले, नारळ आले. पोक्त माणसं होड्या घेऊन मचव्यावर चढली. तारीने दोर हातात घेतला, तारणीने त्याच्यामागे. दोघांनी एकदा ओढलं. दोर ताणला आणि तसाच राहिला.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "तारीबाबा, तुम्ही आम्हाला एवढं वाहिलंत, आज आमचा हात लागू दे." आणि एक हात पुढे आला, मग दुसरा, मग सगळेच. तारणीला कुणीतरी प्रेमाने बाजूला बसवलं, "मामी, तुम्ही नुसतं बघा." ढोल वाजले, हसत-खिदळत दोर सरसर वर आला आणि चिखलाने माखलेला नांगर फळीवर येऊन पडला.

तांडेल म्हणाला, "असं नसतं रे. या दोघांनीच उचलायला हवा."

"गावाची माया आहे, काका," लोक म्हणाले. "मायेला कसली रीत?"

तांडेलाने तारीकडे पाहिलं. तारीने एक शब्द बोलायचा होता. पण त्याचे डोळे भरून आले होते, आणि इतक्या माणसांचं प्रेम परत करणं त्याच्याने झालं नाही. तो गप्प राहिला. तांडेलही मग गप्प राहिला. बाजूला बसलेल्या तारणीने आपले रिकामे तळवे पाहिले आणि पदराखाली घेतले.

वारा चांगला सुटला तेव्हा दोघं निघाली. काठावरचा नांगर शेजाऱ्यांनीच उचलून दिला. शीड फुगलं, मचवा डौलात चालला, आणि तारी खरोखरच ताठ उभा राहिला. तारणीलाही त्याच्याकडे पाहून बरं वाटलं.

खाडीच्या मुखाशी वाळूचा बांध होता. भरती पुरती चढेपर्यंत तिथे प्रत्येक नावेला नांगर टाकून थांबावंच लागे. तारीने नांगर टाकला. पाणी चढलं. पुढे मोकळा समुद्र दिसू लागला. दोघं उठली आणि दोर ओढू लागली.

नांगर हलला नाही. तारीने पाय रोवून ओढलं, तारणीने दोर कमरेला गुंडाळून मागे रेटलं. तिच्या तळव्यांची सालं निघाली. दोर कापून टाकावा, तर नांगराशिवाय समुद्रात जाणं म्हणजे जीव सोडायला जाणं. भरती उभी राहिली, मग उतरू लागली आणि बांध पुन्हा वर आला. संध्याकाळी मासे घेऊन परतणाऱ्या कोळ्यांनी त्यांना पाहिलं, नांगर उचलला आणि मचवा गावात परत आणून सोडला. वाटेत तारीण एवढंच म्हणाली, "बेटाची टेकडी दिसली का हो तुम्हाला? मला तिथे काहीतरी निळं दिसलं."

त्यानंतर तारी माणसं शोधू लागला. कुणी नाही म्हणालं नाही. "येतो की, तारीबाबा, जाळ्याचे दिवस संपू देत." "येतो, भात घरात आलं की." "येतो, पोरीचं लग्न उरकलं की." सगळे मनापासून म्हणत होते. प्रत्येकाला आपापलं पोट होतं, आणि तारीलाही ते कळत होतं. जन्मभर ज्याने कुणाला दुसऱ्यांदा हाक मारायला लावली नाही, त्याला रोज दारोदार हाक मारत फिरणं जड जाऊ लागलं. हळूहळू तो विचारीनासा झाला.

पडाव अजून तांडेलाच्या दारात होता. मचवा परत करून तो घेता आला असता. तारीण दोनदा तसं म्हणालीही. "गावाने एवढ्या मायेने नांगर उचलून दिला," तारी म्हणाला, "आता ती नाव परत करू? लोक काय म्हणतील?"

लोक काहीच म्हणत नव्हते. ते संध्याकाळी मचव्यावर हवा खायला येत, छपराखाली टेकत, "काय नाव घेतलीत, तारीबाबा" असं म्हणत आणि घरी जात. तारी मचव्याला तेल पाजी, गळती बुजवी, दोर उन्हात घाली. नावेतून फिरायला निघालेला माणूस नावेची राखण करत बसला. तारीण रोज सकाळी काठावर येऊन पलीकडे पाही. मग पावसाळा आला आणि सगळ्या नावा वर ओढल्या गेल्या.

पावसाळा सरला. समुद्राला नारळ वाहून झाला. त्या सकाळी तारी काठावर मचव्याचा दोर तपासत होता, तेव्हा तारीण शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आज फार धुकं आहे, नाही?"

तारीने वर पाहिलं. लख्ख ऊन पडलं होतं. पलीकडचा प्रत्येक माड वेगळा दिसत होता.

त्याच्या हातातून दोर गळून पडला. तिचा हात धरून त्याने तिला घरी आणलं, चुलीपाशी बसवलं आणि तसाच तांडेलाच्या दारी गेला.

"पडाव आहे का अजून?"

"आहे," तांडेल म्हणाला. "लहान म्हणून कुणी घेतला नाही." मग तो म्हणाला, "त्या दिवशी मी ओरडायला हवं होतं रे."

"ओरडायला मी हवं होतं," तारी म्हणाला.

अदलाबदल ठरली. पडावाचा नांगर घ्यायच्या दिवशी गाव पुन्हा काठावर आला. या वेळी ढोल नव्हते. तारीने दोर धरला आणि तारणीचे हात त्याच दोरावर नेऊन ठेवले. सवयीने चार हात पुढे आले. तारणीला ते दिसले नाहीत, पण दोर हलका झालेला कळला.

"हात काढा, लेकरांनो," ती म्हणाली. "तुमची माया आम्हाला ठाऊक आहे. पण ती काठावर राहते, आणि आम्हाला पुढे जायचं आहे."

हात मागे गेले. कुणी मान वर करीना. दोघांनी ओढलं, थांबून दम घेतला, पुन्हा ओढलं. नांगर चिखलातून सुटला, वर आला आणि पडावाच्या फळीवर टेकला.

दुसऱ्या दिवशी ती दोघं निघाली. बांधापाशी थांबली, भरतीला आपला नांगर आपण उचलला आणि मोकळ्या समुद्रात शिरली. पडावात छप्पर नव्हतं. ऊन लागलं, अंगावर पाणी उडालं, पाय भिजले. बेटाला नाव लागली तेव्हा काठीचा आधार घेत एक फार म्हातारी बाई वाळूत येऊन उभी होती.

"आक्का आहे का गो?" तारणीने विचारलं.

"आले गो, इथंच आहे," बहीण म्हणाली. "किती वर्षं लावलीस. बघ तरी माझ्याकडे. कोण म्हणेल मी तुला कडेवर घेऊन हिंडायचे?"

तारीण पाण्यातून चाचपडत पुढे गेली. तिने दोन्ही हात वर केले आणि बहिणीच्या चेहऱ्यावर ठेवले. कपाळ, भुवया, बसलेले गाल, दातांविना आत गेलेले ओठ, हनुवटीवरचा लहानपणचा तीळ. दोराने सोललेल्या, पुन्हा भरून आलेल्या राठ बोटांनी तिने सगळं पाहिलं. बहिणीला मग कळलं आणि तिने ते हात तसेच गालांवर दाबून धरले.

"बघते आहे, आक्का," तारीण म्हणाली. "पोचायला उशीर झाला फक्त."

तारी गुडघाभर पाण्यात पडावाचा दोर धरून उभा होता. तो रडला, आणि आपलं रडू तिला दिसत नाही याचंच त्याला जास्त रडू आलं.

पुढे ती दोघं जमेल तेव्हा बेटावर जात राहिली. त्यासाठी त्यांना कुणाला हाक मारावी लागली नाही. मचवा मात्र बरीच वर्षं काठाला बांधलेला होता, आणि येणारे-जाणारे त्याची वाखाणणी करत असत.

तात्पर्य : उतारवयासाठी जे निवडाल, ते इतरांच्या मायेने नव्हे तर आपल्याच हातांनी पेलेल एवढंच निवडा, नाहीतर साधन दारात राहतं आणि वेळ निघून जाते.