सरकारांनी शब्द पाळला

चंदनगडच्या सरकारांनी गानवृंदाला तालमीसाठी आपला दिवाणखाना दिला आणि उत्सवात आपणही गाणार, असा हट्ट धरला. त्यांनी सूर लावला की छतावरची कबुतरं उडून जात. वृंद बसवणाऱ्या अंबूताई पेचात पडल्या. उपकार विसरायचे, की गाणं बुडवायचं?

"जरूर या, सरकार. पण वृंदात माझ्या हाताचा हुकूम चालतो."

"शब्द दिला!"

उत्सवात ताईंनी उजवा हात उचलताच सगळे गाऊ लागले. डावा पंजा मात्र त्यांनी सरकारांसमोर 'थांबा' म्हणून धरला, तो थेट शेवटपर्यंत. टाळ्यांचा कडकडाट झाला.

सरकार लालबुंद झाले. "आम्हाला गाऊच दिलं नाहीत!"

ताईंनी लवून मुजरा केला. "आपण शब्द पाळलात, सरकार, म्हणूनच तर गाणं रंगलं!"

सरकारांना आपलाच शब्द आठवला आणि ते पोट धरून हसत सुटले.