केसाच्या दोऱ्याची गोजरा

फार वर्षं झाली बरं का. नदीवर तेव्हा पूल नव्हता आणि काजळडोहाचा तळ कुणी पाहिला नव्हता. त्या डोहात खडस मासे राहत. अंगावर बशीएवढे खवले, ओठाला मिशा, आणि ताकद अशी की शेपटीच्या एका फटक्यानं होडी कलंडावी, असं म्हणतात.

काठावरच्या भोईवाडीत हैबती आणि गोजरा ही भावंडं राहत. दोघंही गळ टाकण्यात पटाईत, पण तऱ्हा निराळी. हैबतीचा दोर अंबाडीचा, अंगठ्याएवढा जाड. गळ लोहाराकडून घडवून घेतलेला. गोजराचा दोरा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा, इतका बारीक की उन्हात दिसायचा नाही.

हैबती हसायचा. "गोजरे, ह्यानं चिलट तरी घावंल का गं?"

"दादा, मासा पळाला की दोरा सोडावा. दमला की तो आपणहून येतो," ती म्हणायची. "तुझा दोर तुटत न्हाई, त्याचंच मला भ्या वाटतं."

एका उन्हाळ्यात डोहातला सगळ्यात थोराड खडस वर दिसू लागला. हैबतीनं त्याला धरायचं मनावर घेतलं. दोर हातातून निसटू नये म्हणून त्यानं तो कमरेलाच बांधला आणि खडकावर उभा राहिला. गोजरा पलीकडे धुणं धूत होती.

"लागला!" हैबती ओरडला. गोजरानं मान वर केली, तर खडक रिकामा. किंकाळी नाही, धडपड नाही. पाणी मिटलंसुद्धा होतं. गोजराचा लुगडं पिळणारा हात तसाच हवेत राहिला.

साऱ्या वाडीनं बुड्या मारल्या. जाड दोरांना आकडे बांधून डोह ढवळला. पण जरा ओढ बसली की मासा हैबतीसकट कपारीत आणखी खोल शिरायचा. दोर खडकावर घासून तुटायचे. हैबतीचं मढं काही हाती लागेना. मढं नाही, तर अग्नी कशाला द्यायचा?

गोजरा रडली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती केसाचा दोरा घेऊन आली. इवल्याशा गळाला तिनं खडसाच्या आवडीचं पिकलं उंबर लावलं. "पोरीला धसक्यानं याड लागलं," बायका कुजबुजल्या.

उंबर गेलं. दोरा सरसरला. गोजरानं ओढला नाही. मासा पळाला की ती दोरा सोडायची, थांबला की हलकेच गोळा करायची. कमरेइतक्या पाण्यात ती त्याच्यासोबत चालत होती. बोटं कापली, दोरा लाल झाला, ऊन डोक्यावर आलं आणि कललं. तो केस तुटला नाही, असं म्हणतात.

शेवटी उथळ पाण्यात काळीभोर पाठ वर आली. काठावर आरोळी उठली आणि तिथंच विरली. माशाच्या जबड्यातून अंबाडीचा दोर मागं गेला होता, ताठ. आणि दोरामागून हैबती येत होता. कमरेची गाठ अजून पक्की होती.

एक जण कोयता घेऊन धावला. "मारा त्याला! माणूस खाल्ला त्यानं!"

गोजरा आडवी आली. कालपासून ती पहिल्यांदा बोलली. "त्यानं न्हाई माझ्या भावाला बांधलं. माझ्या भावानं त्याला बांधलं."

तिनं कोयता हिसकावून दोर कापला, जबड्यातले दोन्ही गळ सोडवले. मासा तिच्या गुडघ्याशी तसाच थांबला, आपण सुटलो यावर विश्वास नसल्यासारखा. मग पाणी हललं, आणि तो गेला.

तेव्हाच गोजरानं टाहो फोडला. तो वरच्या घाटापर्यंत ऐकू गेला, असं म्हणतात.

आज त्या डोहावर लांबलांबून गळ टाकणारे येतात. कुणी जाड दोर आणतं, कुणी बारीक. घाटावरच्या बायका कुणाला अडवत नाहीत. पण नवखा दिसला की धुणं तसंच टाकून एक जण उठते, ओल्या हातांनी त्याची कंबर चाचपून बघते आणि म्हणते, "गोजराबाईची आण हाय. हातात धर, बाबा. सोडता येईल असं धर."