मधलं पाणी

“आणखी किती वेळ नुसतं बघत बसायचं, आज्जा?”

सर्जेरावनं हे तिसऱ्यांदा विचारलं. लगमाआज्जाची नजर पाण्यावरसुद्धा नव्हती. काठाच्या चिखलात त्यानं शाळूचं एक धाट रोवलं होतं, त्या धाटाकडे तो टक लावून बसला होता.

कृष्णामाईला तीन दिवस पूर. अशा पाण्यावर काय वाहून येत नाही? कडब्याच्या गंज्या, छपरांचे वासे, मुळासकट उपटलेल्या बाभळी. कुणाच्या तरी घराचं दार, कडीकुलपासकट, काठाशी घुटमळत. एक म्हैस आली, फुगलेली, चारी पाय आभाळाकडे.

आणि पलीकडे चिंचेच्या मळ्यात सर्जेरावची बायको, हौसा.

पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी गेलेली. नऊ दिवसांचं लेकरू. पाचवी पुजून झाली होती, बारसं व्हायचं होतं. बापानं अजून तोंड पाहिलं नव्हतं. घर मातीचं. मातीच्या भिंतीला पूर लागला की ती आधी भिजते, मग फुगते, मग एकदम खाली बसते. बसताना विचारत नाही आत कोण आहे म्हणून.

काल सांजेला त्या छपरावरून कुणीतरी लाल लुगडं हलवत होतं. आज सकाळी लुगडं तिथंच होतं, कौलाला अडकलेलं. हलवत कुणी नव्हतं.

सर्जेराव म्हणजे त्या घाटावरचा पहिल्या नंबरचा नावाडी. होड्यांच्या शर्यतीत तीन वर्षं त्याची होडी सगळ्यांच्या पुढं. वल्हं धरायला शिकवलं ते लगमाआज्जानंच. पण शर्यत जिंकल्यापासून शिष्य जरा उंच मानेनं चालायचा. आज मात्र तो घाबरला होता. ते कुणाला कळू नये म्हणून तो मोठ्यानं बोलत होता.

“मळा आपल्या घाटाच्या समोर. दोनशे वल्ही मारली की पोचलो असतो. तुम्ही नाव अर्धा कोस वर ओढून आणायला लावली.”

“व्हय.”

“का पण?”

“माई खाली न्हेणारच हाय. तिला न्ह्यायला जागा नको?”

आज्जानं धाटावरून बोट फिरवलं. ओल्या खुणेच्या खाली पाणी दोन बोटं उतरलं होतं.

“सुटलं,” तो म्हणाला.

“काय सुटलं?”

“चढत्या पाण्याचा गाळसाळ, लाकूडफाटा काठाला लागतो. उतरत्या पाण्याचा मधी गोळा होतो, काठ मोकळा राहतो. बघ आता.”

सर्जेरावनं पाहिलं. खरंच, मघापर्यंत काठाला धडका देणारी लाकडं आता दिसत नव्हती. ती सगळी नदीच्या मध्याला जमली होती आणि एकामागून एक खाली चालली होती. आवाज नाही, घाई नाही. मयतीला निघाल्यासारखी.

“म्हंजे मधी तर जास्तच झाली की!”

“व्हय.”

“आणि आपण मधनं जायचं?”

“पलीकडं जायला दुसरीकडनं वाट हाय का, लेका?”

आज्जानं ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावलं. मग नावेच्या मागच्या टोकाला बसला, सुकाणूचं वल्हं काखेत घेतलं. त्याचे हात थरथरत होते. सर्जेरावला वाटलं, वय झालं म्हाताऱ्याचं. आपल्यालाच बघावं लागणार सगळं.

नाव सुटली.

काठचं पाणी सोपं गेलं. सर्जेरावनं दहा-बारा वल्ही मारली आणि त्याच्या दंडात जीव आला. हे तर रोजचंच, असं त्याला वाटलं. तेवढ्यात नावेखालचं पाणी बदलल्याचं त्याच्या तळपायांना कळलं. फळ्या थरथरायला लागल्या. खालून काहीतरी घासत गेलं… लांबलचक, सावकाश. आणि वर पाण्यावर काहीच दिसलं नाही.

“आज्जा, काय होतं ते?”

“दिसलं न्हाय.”

“मलाबी न्हाय.”

“म्हणून तर जपायचं.”

वरच्या अंगानं एक चिंच आली. आख्खं झाड. बुंधा पुढं, फांद्या मागं, आणि मुळं अशी पसरलेली की जणू नदीला हातांनी चाचपत येत होती. सर्जेरावनं अंदाज घेतला. नाव आणि झाड. अंतर तीस हात. शर्यतीत असं अंतर त्यानं किती वेळा कापलं होतं. समोरच्याच्या नाकावरून होडी काढायची आणि मागं वळून हसायचं, ही त्याची ख्याती.

त्यानं दात आवळले आणि वल्हं मारलं. एक. दोन. तीन…

चौथं मारायला वल्हं उचलायला गेला, तर ते उचलेना.

आज्जानं पुढं सरकून वल्ह्याच्या दांड्यावर पाय दिला होता.

“आज्जा! पाय काढा! निघतोय मी त्याच्या म्होरनं!”

“बस.”

“येऊन आदळंल की!”

“बस म्हणतो न्हवं.”

सर्जेराव बसला. त्यानं डोळे मिटून घेतले आणि धडक कधी बसते याची वाट बघत राहिला.

धडक बसली नाही.

डोळे उघडले तर चिंच शेजारीच होती. दहा हातांवर. पुढं येत नव्हती, मागं जात नव्हती. दाराशी लावलेल्या झाडासारखी गप उभी. नाव उभी, झाड उभं, कडब्याची गंजी उभी, ते कडीकुलपाचं दारही उभं. पळत होते ते दोन्ही काठ. वरचे मळे पळाले, स्मशानाचं छप्पर पळालं, गावाची वेस पळाली.

फांदीवर एक नाग होता. भिजलेला, दमलेला. तो सर्जेरावकडे बघत होता. फणा काढायचंही त्राण त्याला नसावं.

“हलू नको,” आज्जा म्हणाला. “त्योबी हलत न्हाय.”

पाण्याचा आवाज तेवढा होता. पाऊस नव्हता, वारा नव्हता. सर्जेरावला आपल्याच दातांचा आवाज ऐकू यायला लागला.

“आज्जा…”

“हं.”

“तुमचं हात कापत्यात.”

“व्हय.”

“वयानं?”

“न्हाय.”

“मग?”

“पहिल्या पुरापासनं कापत्यात. तवा मी तुझ्याएवढा हुतो.”

आजवर सर्जेरावला वाटायचं, हा म्हातारा पाण्याला भीत नाही. सगळं गाव तसंच म्हणायचं. आता त्या म्हाताऱ्याच्या कपाळावरून घाम निथळताना त्याला दिसला. हाच भीत असेल तर मग आपलं कोण आहे इथं?

“त्ये बघ,” आज्जा हळूच म्हणाला.

खाली, पलीकडच्या काठाच्या अलीकडे, पाण्यात एक हिरवं झुडूप होतं. छोटंसंच. पण ते उलटं येत होतं. सगळं जग खाली चाललेलं आणि ते एकटंच प्रवाहाविरुद्ध, पांढरा फेस उडवत, सरळ नावेच्या अंगावर.

“आज्जा, त्ये वर कसं येतंय?”

“त्ये कुठं येतंय? जागेवरच हाय त्ये. येतोय आपण.”

नदीतल्या बुडालेल्या बेटावरची करंज होती ती. तीन पुरुष उंचीचं झाड, आख्खं बुडालेलं, शेंडा तेवढा वर. तिच्याभोवती पाणी कढईतल्यासारखं उकळत होतं.

आज्जानं वल्ह्यावरचा पाय काढला.

“मार.”

सर्जेरावनं वल्हं उचललं.

“उलटं मार.”

“आँ?”

“उलटं.”

शर्यतीत उलटं वल्हं मारणाऱ्याला पोरं शिट्या घालतात. वर्षभर त्याला कुणी नावानं हाक मारत नाही, ‘ए उलट्या’ म्हणतात. सर्जेरावच्या हातांना ते ठाऊकच नव्हतं. दोनदा वल्हं वाकडं पडलं. तिसऱ्यांदा नावेनं दम धरला. हाताहातानं चिंच पुढं सरकायला लागली. बुंधा गेला… फांद्या गेल्या… नाग गेला. शेंड्याची पानं नावेच्या नाकासमोरून गेली आणि पलीकडचा काठ मोकळा दिसला.

“आता तिच्या मागनं काढ! मार!”

मग सर्जेरावनं जे वल्हं मारलं ते कुठल्या शर्यतीत मारलं नसेल. नाव झाडाच्या मागून तिरकी निसटली आणि काठच्या संथ पाण्यात येऊन पडली.

तेव्हा मागं आवाज झाला. हाड मोडल्यासारखा.

चिंच करंजेवर जाऊन बसली होती. तिच्यावर गंजी, गंजीवर वासे, वाशांवर ते दार. दार एकदा उभं राहिलं, दोन तुकडे झाले आणि गेलं. फांदीवर नाग नव्हता.

सर्जेरावला ओकारी आली. त्यानं नावेच्या बाहेर तोंड केलं. आज्जानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात अजून कापत होता.

मळ्यात पाणी कमरेच्या वर होतं. घराची मागची भिंत गेलेली. सर्जेरावनं हाक मारली… उत्तर नाही. पुन्हा मारली.

मग कौलांच्या खालून, पोटमाळ्यावरून, एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला.

“वरडू नका जावईबापू! लेकरू आत्ताच झोपलंय!”

सासूबाई होत्या. त्यांच्यामागं हौसा, अंगावर ओलं घोंगडं, तोंड पांढरंफटक. रात्रभर छपरावर पाऊस खाल्ल्यावर दोघी पहाटे आत सरकल्या होत्या. हौसाला नवऱ्याकडे बघून रडूही येईना. तिनं फक्त गाठोडं पुढं केलं.

“ही तुमची लेक,” ती म्हणाली.

सर्जेरावनं गाठोड्यात पाहिलं. एवढंसं तोंड, मिटलेल्या मुठी. श्वास चालला होता.

आज्जानं आधी हौसाला नावेत घेतलं, मधोमध खाली बसवलं, लेकरू तिच्या पोटाशी दिलं. सासूबाई लुगडं सावरत उतरल्या. उतरताना म्हणाल्या, “तीन दिवस वाट बघतोय. शर्यतीला बरं टायमात पोचता!”

सर्जेराव हसला. खूप वेळानं हसला. हसल्याबरोबर त्याच्या छातीतला दगड खाली गेला. दंड पुन्हा भरून आले, मान वर झाली. त्यानं एकवार नदीकडे पाहिलं, वल्हं फिरवून हातात घेतलं.

“कळलं, आज्जा,” तो म्हणाला. “समदं ध्यानात आलं. आता तुम्ही निवांत बसा, मी न्हेतो. आता भ्या म्हणून उरलं न्हाय.”

आज्जा घराच्या खांबाला बांधलेला दोर सोडत होता. तो थांबला.

मागं घराच्या पुढच्या भिंतीचं एक ढेकूळ सुटलं आणि पाण्यात पडलं… डुबुक. मग दुसरं.

आज्जानं सोडलेला दोर परत खांबाला बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली. मग वाकून त्यानं हौसाच्या मांडीवरचं लेकरू उचललं.

“अवो आज्जा, काय करताय?” सासूबाई किंचाळल्या. “भिंत बसायला लागलीया!”

आज्जानं भिंतीकडे पाहिलं. मग सर्जेरावच्या हातातल्या वल्ह्याकडे पाहिलं.

“उतर गं पोरी,” तो म्हणाला. “भिंत बरी. ह्यो परत भ्याला, की निघू.”