उंबरगडचं पितळी मापटं

उंबरगडच्या भूपालरावांनी राज्यातले सगळे तराजू जप्त केले! कारण काय, तर वाढदिवसाला त्यांची गुळाने तुला झाली आणि गेल्या वर्षीपेक्षा तीन ढेपा जास्त लागल्या. पोट सुटलं राजाचं आणि शिक्षा तराजूला! मग महाराजांनी एक पितळी मापटं घडवून घेतलं. त्यात बरोबर शेरभर तांदूळ मावत. लगेच हुकूम सुटला, "यापुढे या मापट्यात जे मावेल ते एक शेर! मग ते काहीही असो!" दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना दुसरं येत होतं काय?

पहिला फटका बसला मुदपाकखान्याला. विसूभट आचारी शेरभर बेसनाला अर्धा शेर तूप घालून लाडू करत. आता त्यांनी हुकमाप्रमाणे एक मापटं बेसन घेतलं आणि अर्धं मापटं तूप. पण बेसन हलकं. मापटं भरलं तरी वजनाला अर्ध्या शेराच्या जरासं वर! तूप मात्र पुरेपूर. लाडू कसले वळताहेत? ताटात नुसता रबरबाट झाला. विसूभटांनी दोष मापट्याला दिला.

"आमच्या मापाला नावं ठेवता?" महाराज गरजले. "उद्या याच मापट्याने, याच प्रमाणात लाडू वळून दाखवा. नाही वळले, तर गाढवावरून धिंड काढून गावाबाहेर हाकलीन!"

विसूभट घरी येऊन डोक्याला हात लावून बसले. त्यांची मुलगी वेणू फटकळ होती.

"अप्पा, राजाला अक्कल नाही म्हणून आपण का गाव सोडायचं? उद्या लाडू मी वळते."

दुसऱ्या दिवशी भर दरबारात वेणूने मापटं भरलं, ते हरभऱ्याच्या डाळीने. डाळ भाजली, जात्यावर दळली, त्यात अर्धं मापटं तूप आणि साखर घातली. लाडू कसे गोल, घट्ट वळले! महाराजांनी एकामागून एक चार खाल्ले.

"पाहा! आमचं मापटं खरं ठरलं!"

"मापटं नाही महाराज, डाळ खरी ठरली," वेणू म्हणाली. "डाळ तांदळाइतकीच जड. म्हणून मी पीठ मापलंच नाही, डाळ मापली."

तिने आणखी एक मापटं डाळ दळली आणि पीठ मापट्यात ओतलं. मापटं काठोकाठ भरलं, वर परातीत पाऊण मापटं उरलं!

"तुमच्या हुकमाने एका शेराचे पावणेदोन शेर झाले. मग शेतं कशाला पेरता महाराज? जाती फिरवा!"

दरबारी हसू दाबत खाली बघू लागले. महाराज लाल झाले, पण हेका सोडतील तर ते भूपालराव कसले! "हुकूम तो हुकूम! पण लाडू झकास. खजिनदार, हिला शेरभर सोनं द्या!"

खजिनदाराने मोहरांची थैली आणली. वेणूने मापटं पुढे केलं. थैली रिकामी झाली, पण मापट्याचा तळ कसाबसा झाकला गेला.

"हा कसला शेर? मापटं भरा!"

"अगं मुली, पुरता शेर आहे!" खजिनदार ओरडला. "आत्ताच तोलून आणलंय!"

"तोलून?" वेणूने डोळे मोठे केले. "कशावर?"

खजिनदाराने जीभ चावली. "ते... खजिन्यापुरता एक तराजू महाराजांनी ठेवलाय."

"असं होय! बेसनाला मापटं आणि सोन्याला तराजू! म्हणजे महाराजांना सगळं कळतं. वेड फक्त आमच्यासाठी!"

विसूभटांनी भीतीने डोळे मिटले. आणि महाराज एकदम खो खो हसत सुटले! हसता हसता पोट धरून ते गादीवर लवंडले.

"हरलो! साफ हरलो! सगळ्यांचे तराजू परत करा. विसूभट, मुदपाकखाना तुमचाच. आणि पोरी, हे सोनं घेऊन जा!"

"नेते महाराज," वेणू म्हणाली, "पण आधी तो तराजू इथे मागवा. माझ्यासमोर तोलून द्या!"